गोठ्यावरचे जावईबापू

मी धुळ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो आहे, आणि केळीचं झाड उंच वाढतं ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

हे वाक्य चारचौघांत उच्चारायला मला दोन वर्षं लागली. (सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणते की तिला हे लग्नानंतर पंधरा दिवसांतच कळलं होतं. केळीचं नव्हे, माझं.)

सुनंदाचं माहेर जळगावकडचं. नशिराबादला हायवे सोडला की आत तीन-चार किलोमीटरवर एक लहानसं गाव लागतं. त्या गावाच्याही बाहेर, दीड किलोमीटरवर, माझ्या सासऱ्यांचा केळीचा मळा आणि मळ्यातच घर. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. घरात ते, सासूबाई, मेहुणा प्रमोद आणि प्रमोदची बायको मनीषा. या घरात जावयाचा मान एवढा, की मी उभा असलो तर कुणी बसत नाही आणि मी बोलत असलो तर म्हशीसुद्धा हंबरत नाहीत. अठरा वर्षांत आबांनी माझं एकही वाक्य खोडलं नव्हतं. त्यामुळे माझी सगळी वाक्यं बरोबर असतात, असा माझा प्रामाणिक समज झालेला होता.

गोष्ट सुरू झाली ती मनीषामुळे. मनीषा गणित घेऊन बीएस्सी, वर बीएड. लग्नाआधी जळगावला शाळेत शिकवायची. मळ्यात आल्यावर ते सुटलं. तिने कधी तक्रार केली नाही, पण गावातल्या मुलींना ओट्यावर बसवून फुकट गणित शिकवताना तिचा चेहरा जसा फुलायचा, तसा तो एरवी फुलत नसे. मग तिला कळलं की पुण्याची एक संस्था परदेशातल्या मराठी मुलांना घरबसल्या गणित शिकवणाऱ्या शिक्षिका घेते आहे. अट एकच होती. घरी खात्रीचं इंटरनेट हवं.

मळ्यात खात्रीने येणाऱ्या गोष्टी दोन, रानडुकरं आणि मी. मोबाइलची रेंज फक्त विहिरीच्या काठावर, तीही उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर. घरातल्या माणसाला फोन करायचा तर आधी तो विहिरीवर आहे का, हे विचारायला दुसरा फोन करावा लागे.

तेव्हा प्रमोदने नशिराबादच्या सुपडूभाऊंना बोलावलं. सुपडूभाऊ पन्नाशीचे, बुटके, शांत गृहस्थ. आधी केबल टीव्हीचा धंदा, आता इंटरनेटचा. जून महिना होता. मी योगायोगाने सासरी होतो. (योगायोग म्हणजे कॉलेजला सुट्टी होती आणि आंब्याचा रस शिल्लक होता.)

सुपडूभाऊंनी ओट्यावर बसून सगळं समजावून सांगितलं. काचेची तार हायवेवरून गावापर्यंत आली होती आणि ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन थांबली होती. तिथून मळ्यापर्यंत तार आणण्यात अर्थ नव्हता. मधे नाला, चार जणांचे बांध आणि दर आठवड्याला कुणाचा तरी नांगर. तेव्हा टाकीवर एक पांढरी थाळी बसवायची, मळ्यात दुसरी, आणि दोघींची तोंडं एकमेकींकडे करायची. टाकीपर्यंत तारेने आलेलं नेट पुढे हवेतून मळ्यात येणार, थाळीपासून पुन्हा तारेने घरात जाणार, आणि घरातल्या डबीतून पुन्हा हवेतून कॉम्प्युटरमध्ये शिरणार.

आबांनी हे शांतपणे ऐकलं आणि एका वाक्यात संपवलं. "म्हंजे एस्टीनं फाट्यापावतर, अन् पुढे पायी."

"बरोबर आबा," सुपडूभाऊ म्हणाले. "फक्त पायवाट मोकळी पायजे. हिनं तिले पाह्यलं पायजे, तिनं हिले."

त्यांनी सुचवलं की घराच्या स्लॅबवर तीस फुटी लोखंडी पाईप उभा करावा आणि त्याच्या टोकाला थाळी लावावी. इथे मी तोंड उघडलं.

मी म्हणालो, पाईप कशाला? समोरची टाकी गोठ्याजवळून लख्ख दिसत होती. मधे सपाट, नुकती नांगरलेली, काळीभोर जमीन. गोठ्याचा पत्रा नऊ फुटांवर. त्याच्या कडेला थाळी लावली की झालं. तीस फुटी पाईपमुळे वीज पडण्याचा धोका, घराची शोभा जाते आणि शिवाय लहरी सरळ रेषेत प्रवास करतात. (हे शेवटचं कारण पाईपच्या विरुद्ध नव्हतं, बाजूनेच होतं. पण मी ते ज्या आवाजात सांगितलं त्यात कुणाला शंका आली नाही. मलाही नाही.)

सुपडूभाऊंनी दोनदा विचारलं, सर नक्की ना? मी त्यांना विचारलं, तुमचं शिक्षण किती? ते म्हणाले, दहावी. मी फक्त हसलो. ते हसू मला अजूनही आठवतं आणि आठवलं की मी एकटाच असलो तरी मान खाली घालतो.

आबा मात्र जरा घुटमळले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"पाहुणे," ते म्हणाले, "त्या तुकड्यात केयी लावणार हाओत आपुन." (माझ्या सासरी 'ळ' म्हणण्यात वेळ घालवत नाहीत. केळी म्हणजे केयी.)

"लावा ना आबा," मी म्हणालो. "केळी जमिनीवर, लहरी हवेत. दोघांचा संबंधच येत नाही."

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या जमिनीकडे, आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता तं बरोबरच आशीन."

थाळी गोठ्यावर बसली. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, मी नारळ फोडला. आणि नेट असं काही धावू लागलं की मनीषाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पुण्याला अर्ज केला. मी धुळ्याला परतलो आणि पुढचे दोन महिने स्टाफरूममध्ये ही हकिकत इतक्यांदा सांगितली, की रसायनशास्त्राचे सर मी आत शिरलो की बाहेर जाऊ लागले.

इकडे आबांनी त्या तुकड्यात केळी लावली. आबांची केळी म्हणजे पंचक्रोशीत नाव. ठिबक, खतं, सगळं वेळच्या वेळी. लोक लेकरांचे वाढदिवस लक्षात ठेवतात, आबा केळीचे ठेवतात. त्या वर्षी पाऊसही मनासारखा झाला. बाग अशी मातली की येणारा-जाणारा बांधावर थांबून बघे. आबा खूश. आणि बाग जसजशी खूश होत गेली, तसतसं नेट आजारी पडत गेलं.

पहिला फोन गणपतीत आला. मनीषा म्हणाली, भाऊजी, वारा पडला की नेट चालतं आणि वारा सुटला की थांबतं. मी म्हणालो, डबी बंद करून चालू कर. नवरात्रात ती म्हणाली, आता सकाळी दव असेपर्यंत चालतच नाही. मी म्हणालो, डबी बंद करून चालू कर. दिवाळीत आम्ही प्रत्यक्ष तिकडे गेलो, तेव्हा मी थाळी पुसली, तार पुसली, डबी खिडकीतून देवघराजवळ हलवली आणि शेवटी निदान केलं की सुपडूभाऊंचा माल हलका आहे. हे सगळं मी केळीच्या सावलीत उभा राहून केलं. छान गार वाटत होतं.

जानेवारीत मनीषाला पुण्याहून बोलावणं आलं. म्हणजे बोलावणं नव्हेच. तिने आपल्या घरून, ज्या जागी बसून पुढे शिकवणार त्याच जागेवरून, तीन परीक्षकांसमोर चाळीस मिनिटांचा तास घ्यायचा. जळगावला नातेवाइकाकडे बसून घेतलेला चालणार नव्हता. मंगळवारी सकाळी अकरा वाजता. आणि सोमवारी सकाळी प्रमोदने विहिरीवरून मला फोन केला, की दाजी, दोन दिवसांपासून नेट पूर्ण मेलं आहे.

मी रजा टाकली आणि पहिली बस पकडली. वाटेत सुपडूभाऊंना फोन करून वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला झापतो तसं झापलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, सर, तुम्ही टाकीवर या.

दुपारी प्रमोदच्या मोटरसायकलवर मी टाकीशी पोचलो. सुपडूभाऊ वरच होते. मी लोखंडी शिडीने, मधे दोनदा डोळे मिटून, वर गेलो. टाकीवरून सगळा परिसर दिसत होता. दूर आबांच्या घराचा स्लॅब दिसत होता.

"सर," सुपडूभाऊ म्हणाले, "जरा गोठा दाखवा मले."

मी पाहिलं. स्लॅबच्या डावीकडे गोठा असायला हवा होता. तिथे हिरवं होतं. उजवीकडे पाहिलं, तिथेही हिरवं. मी चष्मा काढून पुसला. गोठ्याच्या जागी आबांची बाग वाऱ्यावर डुलत होती, इतकी तजेलदार, इतकी घट्ट, की तिच्यामागे आख्खं गाव दडलं असतं तरी पत्ता लागला नसता.

सुपडूभाऊ थाळीचे स्क्रू तपासू लागले. त्यांनी मला झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

खाली उतरताना हिशेब डोक्यात आपोआप मांडला गेला. टाकी उंच, गोठा बुटका. म्हणजे लहरी उतरत उतरत येणार आणि गोठ्याजवळच्या ओळींतून त्यांना अगदी पानांना घासून जावं लागणार. पान म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. हे सगळं मला जूनमध्येही येत होतं.

मळ्यात आलो तेव्हा आबा बागेतच होते. मी तयारी केलेलं प्रमाण मराठी भाषण कुठल्या कुठे गेलं आणि तोंडातून आमची धुळ्याची अहिराणी निघाली. "आबा, मनी चूक शे." (माझी चूक आहे.)

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. अठरा वर्षांत हे वाक्य त्यांनी माझ्याकडून ऐकलं नव्हतं आणि त्यावर काय म्हणायचं असतं याचा त्यांना सराव नव्हता. शेवटी ते म्हणाले, "चहा घ्या."

आता उपाय. झाडं कापायचा विषय काढायची माझी हिंमत नव्हती. बाग निसवत होती, एकेका झाडातून घड बाहेर पडत होता. अशा झाडाला विळा लावणं म्हणजे बाळंतिणीला घराबाहेर काढणं. आबांनी स्वतःहून दोन ओळी तोडायची तयारी दाखवली. मनीषाने ऐकताक्षणी नाही म्हटलं. सुपडूभाऊ म्हणाले, स्लॅबवर पाईप उभा करतो, पण सिमेंट घट्ट व्हायला आणि चहूबाजूंनी तारांचे ताण द्यायला दोन दिवस लागतील. आमच्याकडे एक संध्याकाळ आणि एक सकाळ होती.

तेव्हा मी दुसरा शोध लावला. मी म्हणालो, झाडं राहू द्या, फक्त वाटेतल्या झाडांची पानं सुतळीने बांधू. प्रमोद आणि मी दिवस मावळेपर्यंत तीस झाडांची पानं गोळा करून मुलींच्या शेंड्या बांधाव्यात तशी बांधली. मागे सरून पाहिलं तर बांधलेली पानं सरळ उभी राहिली होती आणि प्रत्येक झाड आधीपेक्षा दोन फूट उंच झालं होतं. आत्तापर्यंत अडसर होता, आता तटबंदी झाली. आबांनी बांधावरून हे पाहिलं. पुन्हा चहा घ्या म्हणाले नाहीत.

मंगळवारी सकाळी सुतळ्या सोडल्या. मग आबांनीच विचारलं, की थाळी हलकी आहे का? हलकी होती. मग केळीला टेकू द्यायला आणलेले बांबू होते. दोन बांबू एकमेकांना बांधले, टोकाला थाळी आवळली, आणि थाळीची तार गोठ्याच्या वाशांना खिळ्यांनी ठोकलेली होती, ती उपसून स्लॅबवर न्यायला वेळ नव्हता, म्हणून खालचं टोक गोठ्याच्याच पत्र्यावर टेकवलं. थाळी बागेच्या वर गेली. सुपडूभाऊंनी टाकीवरून त्यांची थाळी जुळवली आणि घरातून मनीषाचा आवाज आला, आलं! मी बांबूवरचा हात काढला. गेलं. मी हात लावला. आलं.

बांबू एकट्याने उभा राहू शकत नव्हता. कुणीतरी तो धरून उभं राहायला हवं होतं, आणि ते कुणी, यावर चर्चा झाली नाही.

अकरा वाजता मी गोठ्याच्या पत्र्यावर होतो. दोन्ही हातांनी बांबू छातीशी धरलेला. खाली दोन म्हशी. तेरा पावलांवर खिडकी आणि खिडकीच्या आत मनीषा, इस्त्रीची साडी नेसून, पांढऱ्या फळ्यासमोर. खिडकीबाहेर एका कडेला प्रमोद, कॉम्प्युटरच्या पडद्यावर डोळे लावून. अंगणात बाजेवर आबा. पडद्यावरचं चित्र अडखळलं की प्रमोद हात हलवायचा, आबा ते बघायचे आणि मला सांगायचे. हायवेवरून टाकीपर्यंत आलेली काचेची तार, टाकीवरची थाळी, हवा, बांबू, मी, प्रमोद, आबा: सुपडूभाऊंच्या धंद्यात इतक्या टप्प्यांचं कनेक्शन आधी कधी झालं नसावं.

सुरुवातीला आबा अवघडले होते. जावयाला हुकूम कसा करायचा? पहिल्या वेळी ते म्हणाले, पाहुणे, जमलं तर थोडं डावीकडे. दुसऱ्या वेळी, पाहुणे, डावीकडे. पाचव्या मिनिटाला, "डावीकडे म्हंजे डावा हात कोन्ता, म्हाईत हाये का?" त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दहा मिनिटं छान गेली. मग खिशातला फोन थरथरू लागला. (गोठ्याच्या पत्र्यावर रेंज येते हा शोध त्या दिवशीचा.) सुनंदा होती, हे मला न बघता कळलं. फोन कापायला हात मोकळा नव्हता. तो थरथरत राहिला, मी थरथरलो, बांबू थरथरला आणि पुण्याच्या परीक्षकांना मनीषा तुकड्या-तुकड्यांत दिसू लागली. प्रमोदने दोन्ही हात वर केले. आबा बाजेवरून उठले.

"हालू नका! मुकाट उभे राहा!"

अठरा वर्षांचा मान त्या एका वाक्यात पत्र्यावरून घरंगळून म्हशींपुढे पडला. आणि खरं सांगतो, मी जागच्या जागी गोठलो. श्वाससुद्धा मोजून घेतला. सुनंदाने चार वेळा प्रयत्न केला. चारही वेळा माझ्या मांडीने ते सहन केलं.

चित्र परत आलं, आणि त्याचबरोबर खिडकीतून एका परीक्षक बाईंचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. त्या विचारत होत्या, की तुमच्या मागे खिडकीतून छपरावर एक गृहस्थ काहीतरी कवटाळून उभे दिसताहेत, ते ठीक आहेत ना?

संपलं, मला वाटलं. मनीषाचं इतक्या दिवसांचं स्वप्न माझ्यामुळे विस्कटलं, तेही दोनदा. प्रमोदने डोळे मिटले.

मग मनीषाचा आवाज आला, तोच, ओट्यावर मुलींना शिकवतानाचा. "ते माझे नंदोई आहेत," ती म्हणाली. "आणि आजचं उदाहरण त्यांचंच आहे."

तिचा धडा उंची आणि कोनांचा होता. तिने फळ्यावर पाण्याची टाकी काढली, गोठा काढला, मधे केळीची ओळ काढली आणि गोठ्यावर एक माणूस काढला. (पोट जरा जास्त काढलं होतं, असं प्रमोद म्हणतो.) मग थाळीची हकिकत सांगून विचारलं, की केळीच्या शेंड्यांवरून या माणसाला टाकीचं टोक दिसायला हवं असेल, तर त्याने किती उंचीवर जावं? परीक्षकांबरोबर एक शाळकरी मुलगी विद्यार्थिनी म्हणून बसली होती. तिने रेषा आखून बिनचूक उत्तर काढलं. मग तिने एक शंका विचारली. थाळीची जागा ठरवली तेव्हा केळी एवढीच उंच होती का?

मनीषा म्हणाली, नाही, तेव्हा केळी नव्हतीच.

"मग काकांना माहीत नव्हतं का, की ती वाढणार?"

परीक्षक हसले. प्रमोद हसला. आबा बाजेवर बसून टोपीत तोंड घालून हसले; मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. मला हलता येत नव्हतं, म्हणून मी हसलो नाही, असं मी नंतर सर्वांना सांगितलं.

याच सुमारास टाकीवरचं काम आटपून सुपडूभाऊ मोटरसायकलवर आले. बांधावर उभे राहिले, मोबाइल काढला आणि वर करून एक फोटो घेतला.

तास संपला तेव्हा माझे दोन्ही हात बांबूच्या आकाराचे झाले होते. आबांनी स्वतः शिडी धरून मला उतरवलं. मनीषा धावत बाहेर आली. आठ दिवसांनी पुण्याहून पत्र आलं, त्यात तिच्या समयसूचकतेचं कौतुक होतं. आता ती रोज संध्याकाळी कुठल्या कुठल्या देशांतल्या मुलांना शिकवते आणि मधेच आतून तिच्या हसण्याचा आवाज येतो. स्लॅबवर तीस फुटी पाईप आहे. घराची शोभा गेलेली नाही. आबा मला अजून पाहुणे म्हणतात, पण आता त्यापुढे कामही सांगतात. मागच्या वेळी मी दोन तास ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या आणि मला ते आवडलं.

सुपडूभाऊंचा धंदा या दोन वर्षांत फार वाढला आहे. नशिराबादच्या आसपास ज्या ज्या मळ्यात तार पोचत नाही, तिथे ते टाकीवरून हवेने नेट पोचवतात. एखादा शेतकरी म्हणाला, की पाईप कशाला, गोठ्यावरच लावा ना, तर ते वाद घालत नाहीत. खिशातून मोबाइल काढतात आणि फोटो दाखवतात. "हे सर," ते सांगतात, "भौतिकशास्त्राचे हायेत. यायनंबी पाईप नको म्हटलं व्हतं."

फोटो पाहिल्यावर आजपर्यंत एकानेही पाईप नको म्हटलेलं नाही. उलट परवा एका आजोबांनी चाळीस फुटी मागितला.